धुरी

दूध करपलं तेव्हा जया फोनवर होती. औषधांच्या दुकानातल्या माणसानं पुन्हा चुकीच्या मापाचे डायपर पाठवले होते, आणि तो वर तिलाच समजावत होता की काकू, माप तेच आहे, काकाच बारीक झाले असतील. हे ऐकून ती गप्प झाली, कारण ते खरं होतं. अनिरुद्ध बारीक झाला होता, आणि हे बिबवेवाडीतल्या दुकानदाराला तिच्या आधी कळलं होतं. ती फोन हातात धरून बाल्कनीतच उभी राहिली. तेवढ्यात दूध उतू गेलं, उरलेलं आटलं आणि भांड्याच्या बुडाला धरलं. धूर बैठकीच्या खोलीत आला तेव्हा ती धावली, गॅस बंद केला, भांडं पाण्याखाली धरलं. चर्र झालं आणि धुरात वाफ मिसळून आणखीच कडू वास सगळ्या घरात पसरला. स्वतःशीच चरफडत ती खिडक्या उघडत सुटली, तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला. "बरोबर."

या शब्दाची तिला सवय झाली होती. पाडव्याच्या सुमारास अनिरुद्धला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि एवढा एकच शब्द उरला. भूक लागली तरी बरोबर, कूस बदलायची असली तरी बरोबर, रागानं, विनवून, कंटाळून, झोपेत, सगळ्याला बरोबर. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला सहजासहजी बरोबर म्हटलं नाही, त्याच्या तोंडी हाच शब्द उरावा याची जयाला पहिले काही दिवस भीती वाटायची, मग हसू यायचं, मग दोन्ही थांबलं. अनिरुद्ध विम्याचा सर्व्हेअर होता. कुठे आग लागली की दुसऱ्या दिवशी जाऊन पाहणी करायची, काय जळलं, कशानं जळलं, खरंच जळलं का जाळलं, हे ठरवायचं. गोदामं, दुकानं, कारखाने. लोक त्याला हिशेब सांगायचे आणि तो शांतपणे म्हणायचा, बरोबर नाही. घरीसुद्धा तेच. भाजीत मीठ बरोबर नाही, पेपरातला मथळा बरोबर नाही, जावयाला असं बोलणं बरोबर नाही, हे तर दुसऱ्याच्या जावयाबद्दल. झटक्यानं त्या पालुपदातलं 'नाही' तेवढं नेलं.

पण आजचा शब्द निराळा होता. ती खोलीत गेली तेव्हा अनिरुद्धनं मान स्वयंपाकघराकडे वळवली होती. हनुवटी वर, नाकपुड्या फुललेल्या, आणि डोळ्यांत कित्येक महिन्यांत न दिसलेली एक लगबग. तो वास घेत होता. भराभर नाही, थांबून थांबून, जणू त्या धुराचे पदर सोडवत होता. "दूध करपलं हो," ती म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बरोबर," तो पुन्हा म्हणाला, हळू, आणि डावा हात हवेत असा हलवला की जरा थांब, बोलू नकोस. मग वारा आला, धूर पातळ होत होत गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची ती लगबगही गेली. हात मांडीवर येऊन पडला. खिडक्या उघडल्याबद्दल जयाला विनाकारण अपराधी वाटलं.

दुपारी निशा आली. ही वाचा-उपचार करणारी मुलगी, आठवड्यातून दोनदा यायची, स्कूटरवरून उतरतानाच हसायची. जयानं तिला दुधाचं सांगितलं. निशा एकदम सावरून बसली. "काकू, हे खूप चांगलं साइन आहे. त्यांना कळतंय सगळं, फक्त बाहेर यायचा रस्ता ब्लॉक आहे. वासानं कधीकधी आत काहीतरी हलतं. काकांना कुठले वास आवडायचे?" जयानं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला हे माहीत नाही. त्याला कुठली भाजी आवडते हे माहीत होतं, कुठल्या कुशीवर झोप लागते हे माहीत होतं, कुठला नातेवाईक आला की पोटात दुखायला लागतं हेही. पण वास? संध्याकाळी तिनं एकेक आणून त्याच्या नाकाशी धरलं. मोगरा, कॉफी, हिंग, नव्या मासिकाची पानं. तो प्रत्येक वेळी म्हणाला बरोबर, तसा सपाट, वाढणाऱ्याला पुरे म्हणावं तसा. शेवटी ती दमून बसली, आणि समोरच्या लाकडी कपाटाकडे बघताना तिला शनिवार आठवला.

दर शनिवारी संध्याकाळी धायरीहून रणजित यायचा. त्याच्या फोमच्या गोदामाला कधीकाळी आग लागली होती, अनिरुद्ध पाहणीला गेला होता, दोघांची तिथंच कडाक्याची जुंपली, आणि त्यातून अशी काही मैत्री झाली की रणजितची पोरं मोठी होऊन धंद्यात आली तरी शनिवार चुकला नाही. दोघं बाल्कनीत बसायचे. प्यायचे थोडंच, पण एका पेल्यावर तासभर बोलायचे. मधे ठेवलेली बाटली बहुतेक एकाच जातीची असायची. देशी सिंगल माल्ट व्हिस्की, धुराची. रणजितच्या अंगणात आता चार-चार गाड्या उभ्या असत. तो परदेशी बाटल्या आणायचा, आणि अनिरुद्ध त्या परत पाठवायचा. म्हणायचा, महागड्या बाटलीत माणूस किंमत पितो, चव प्यायला जागा राहत नाही. जया आत स्वयंपाकघरात शेंगदाणे परतत असायची, दाराच्या फटीतून आवाज यायचे. "ही माती जळून हा वास येतो," अनिरुद्ध सांगत होता एकदा. "दलदलीतली. हजारो वर्षं पाण्याखाली सडत पडलेलं गवत. वरून नवं गवत, खाली जुनं दबत गेलेलं. ते कापायचं, वाळवायचं आणि जवाच्या दाण्यांना त्याची धुरी द्यायची." यावर रणजित म्हणाला, "म्हणजे गोवरीच की, साहेब." आणि अनिरुद्ध म्हणाला, "गोवरीच. म्हैस फार म्हातारी." दोघं हसले. जयालाही आत हसू आलं होतं, पण आपण ऐकतोय हे कळू नये म्हणून तिनं झारा वाजवला. आता तिला वाटलं, का वाजवला? कोण रागावणार होतं? सुरुवातीला एकदा त्यानं तिला बोलावलंही होतं. "घेऊन तर बघ." तिनं पेला नाकाशी नेला, आणि घशात काहीतरी वर आल्यासारखं झालं. "नको," म्हणून ती आत गेली. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. त्याचा हाच स्वभाव. एकदा नको म्हटलेली गोष्ट तो दुसऱ्यांदा पुढे करत नसे, मग ती दारू असो की आणखी काही.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर तिनं त्याला उशा लावून खुर्चीत नीट बसवलं आणि कपाटातून बाटली काढली. निम्मी भरलेली होती. बाजूला ते दोन पेले, पोट मोठं, तोंड लहान, मडक्याच्या पोरांसारखे. अनिरुद्धनं बाटली पाहिली आणि त्याचा श्वास बदलला. "प्यायची नाही हं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी पाणीसुद्धा घट्ट करून द्यायला सांगितलंय. नुसता वास." बूच निघताना छोटासा आवाज झाला. तिनं अंदाजानं ओतली. मधासारखा फिकट रंग, उन्हात धरला तर आणखी फिकट. तो डाव्या हातानं खुणावू लागला, बोटं चिमटीत धरून वरून काहीतरी सोडल्यासारखी. बराच वेळ तिला कळेना. मग कळलं, पाणी. थेंबभर. तिनं चमच्यानं दोन-चार थेंब सोडले, तेव्हा त्या मधात तेलासारख्या रेषा उमटून विरघळल्या. पेला त्याच्या नाकाशी नेला.

त्यानं डोळे मिटले. तोंड किंचित उघडं ठेवलं. कितीतरी वेळ तो तसाच होता, आणि जया पेला धरून अवघडून वाकलेली. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू झटक्यापासून ओघळल्यासारखी होती, पण डावी बाजू आत्ता इतकी जागी, इतकी पूर्वीची होती की तिला वाटलं आपण दोन माणसांच्या समोर उभे आहोत. मग त्याच डाव्या डोळ्यातून पाणी आलं. तिनं घाईनं पेला मागे घेतला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि पेला तिच्याच तोंडाकडे ढकलला. "बरोबर."

"मी?"

"बरोबर."

"अहो, मला नाही आवडत ते."

त्यानं मनगट सोडलं नाही. एकदा नको म्हटलेली गोष्ट तो दुसऱ्यांदा पुढे करत होता. जया त्याच्या समोर स्टुलावर बसली. नाक जवळ नेलं तर पहिल्यांदा तेच, घशात वर येणारं, पण ती हटली नाही. धूर होता, पण पेटत्या लाकडाचा नव्हे. विझवलेल्या आगीचा, ओल्या राखेचा. त्याच्या मागे दवाखान्यासारखं काहीतरी, जखमेवर लावायच्या तपकिरी औषधासारखं. तिनं एक घोट घेतला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग नवल असं की ते पोळणं ओसरलं आणि खालून गोड वर आलं. काकवीची गोडी, भाजलेल्या धान्याची, संत्र्याच्या सालीचा किंचित कडवटपणा. गिळून झाल्यावरही धूर गेला नाही. तो तोंडात राहिला, टाळूला, दातांच्या मागे, बंद खोलीत राहावा तसा. अनिरुद्ध तिच्याकडे टक लावून बघत होता. तिला कळलं, त्याला ऐकायचंय. रणजितच्या तोंडून तो ऐकायचा, किंवा रणजितला ऐकवायचा, ते.

"राखेसारखं," ती म्हणाली. "ओल्या."

"बरोबर." म्हणजे हो, पुढे.

"टिंक्चर. मग गूळ. सातूच्या पिठासारखं काहीतरी."

"बरोबर, बरोबर." त्याच्या आवाजात अधीरता आली होती. हे नुसतं दारातलं झालं, आत चल, असं काहीतरी. ती आठवून आठवून सांगत राहिली. चुलीवरचं पाणी. भाजलेलं वांगं. डांबर. जळकी दोरी. प्रत्येक शब्दाला तो बरोबर म्हणायचा, आणि प्रत्येक बरोबरचा सूर निराळा. हा हो म्हणणारा, हा नाही म्हणणारा, हा काहीतरीच काय म्हणणारा. वांग्याला तर तो चक्क कुत्सित होता. आणि जयाच्या मनात आलं, किती वर्षांत आपण दोघं एका गोष्टीवर इतका वेळ बोललो नाही. बोललो नाही म्हणजे भांडलोही नाही. ज्या घरात कुणी भांडत नाही ते घर सुखी, असं शेजारीपाजारी समजतात, आणि आपणही हळूहळू समजू लागतो. पण आता तिचे शब्द संपले. तो खुर्चीच्या हातावर मूठ आपटू लागला, एकदा, पुन्हा. काहीतरी एक होतं, नेमकं, आणि ते त्याला तिच्याकडून हवं होतं. "मला नाही सापडत हो," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला. "मी कधी बसले का तुमच्यात?"

ती बाल्कनीत गेली आणि रणजितला फोन लावला.

"बोला वहिनी. साहेब बरे हायत ना?"

"बरे आहेत. एक विचारायचं होतं. ती धुराची बाटली आहे ना, हे तिच्याबद्दल काय म्हणायचे?"

"कशापायी?"

"त्यांना काहीतरी सांगायचंय. मला शब्द सापडत नाहीये."

"राख म्हणायचे. आग इझवल्यावर दुसऱ्या दिवशी येतो तसा वास. मागनं गूळ लागतो म्हणायचे."

"ते सगळं म्हणून झालं."

पलीकडे कुठेतरी ट्रक मागे घेत होते, कुणीतरी येऊ द्या, येऊ द्या म्हणत होतं. मग रणजित लांब गेला असावा, आवाज कमी झाले. "वहिनी, एक हाय. पण ते कसं सांगू. साहेबांनी ते माझ्यापाशी ठेवल्यालं हाय."

"रणजितराव," जया म्हणाली, "ज्यांनी ठेवलं त्यांना आता ते परत मागता येत नाही."

"खरं हाय," तो म्हणाला. आणि थांबत थांबत त्यानं सांगितलं. "दरखेपेला न्हाई. कधीतरी, दुसरा पेला निम्मा झाला की म्हणायचे, रणजित, हा वास म्हंजे माझा त्या दिवसाचा शर्ट हाय. गाद्यांचं गोदाम जळालं होतं. तिथनं तसाच दवाखान्यात गेलो. ती म्हणाली, आंघोळ करून या, वास येतोय. म्हणून मी आंघोळीला गेलो. माघारी येतोय तवर पोरीला नेलं होतं." रणजितनं घसा साफ केला. "पोरगी बघायची राहिली, म्हणायचे. एवढंच. मग दुसरंच काहीतरी बोलायचे."

जयानं बाल्कनीचा कठडा धरला. "मला का नाही सांगितलं कधी?"

"मी बी तेच म्हणलो. तर म्हणले, तिला वाटंल मी तिला दोष देतोय."

फोन ठेवल्यावर ती तिथंच उभी राहिली. खाली सोसायटीच्या मुलांचं क्रिकेट चाललं होतं, चेंडू गाडीखाली गेला होता, आणि एक मुलगी पोटावर झोपून तो काढत होती. याच बाल्कनीत तेव्हा गोवऱ्यांचं पोतं होतं. घर नवं, आजूबाजूला अजून रिकामे प्लॉट, आणि तिची आई सातव्या महिन्यापासून मुक्कामाला आलेली. आईनं सगळी तयारी आधीच करून ठेवली होती. लोखंडी शेगडी, गोवऱ्या, कोळसा, ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, सगळं पुड्या बांधून. एका संध्याकाळी, शेगडी नीट पेटते का ते बघू म्हणून तिनं निखारा करून त्यावर चिमूटभर ओवा-शेपा टाकला होता. खोलीत गोडसर, तिखट, उबदार धूर भरला. आई म्हणाली, अशी धुरी रोज द्यायची, तुला आणि बाळाला, पहिला महिनाभर. हाडं बळकट होतात. जया पलंगावर पाय लांब करून बसली होती आणि बाळ पोटात उसळ्या मारत होतं, जणू त्यालाही वास आला होता. मग नवव्या महिन्यात एके सकाळी ते उसळायचं थांबलं. एवढंच. पुढचं सगळं दवाखान्यात, दिव्याच्या पांढऱ्या उजेडात, लोक हळू बोलत असताना. भवानी पेठेत गाद्यांच्या गोदामाला आग लागली होती, अनिरुद्ध तिथं होता. कापूस आतल्या आत धुमसत राहतो, पाणी मारलं तरी विझत नाही, म्हणून त्याला निरोप मिळायलाही उशीर झाला. तो आला तेव्हा सगळं संपलं होतं. तो पलंगाजवळ आला, हात पुढे केला, आणि त्याच्या अंगाचा तो वास आला. ओल्या राखेचा, जळक्या कापसाचा. तिच्या पोटातून कळ उठावी तसं काहीतरी उठलं. तिला वाटलं, मरणाचा वास असाच असणार. तिनं तोंड भिंतीकडे केलं. आंघोळ करून या, वास येतोय. त्यानंतर दोन दिवस ती कुणाशीच काही बोलली नव्हती. म्हणजे त्या दिवशी सगळ्या जगाशी मिळून ती एवढंच एक वाक्य बोलली होती, आणि तो ते घेऊन निघून गेला होता.

त्यानं बाळाला पाहिलं असेल असंच ती धरून चालली होती. बाप होता तो, त्याला दाखवल्याशिवाय कसे नेतील? तिचे वडील आणि मामा घेऊन गेले हे तिला माहीत होतं. पण सगळ्यांनाच घाई झाली होती, तिच्या डोळ्यांआड व्हावं म्हणून, आणि त्या घाईत कुणाला आठवलं नाही की एक माणूस आंघोळीला गेला आहे. तो कधी बोलला नाही, तेव्हा तिला वाटलं, पुरुष आहे, विसरला. मग वाटलं, पाहिलंय त्यानं, म्हणूनच बोलत नाही. पुढे तो आगीवरून आला की आधीच आंघोळ करून यायचा. ऑफिसच्या मागच्या नळावर, वेगळे कपडे ठेवून. घरात चंदनाचा साबण असताना त्याच्या अंगाला कुठल्यातरी लाल साबणाचा वास येतो म्हणून एका वर्षी तिला भलताच संशय आला होता, आठवडाभर ती त्याच्याशी धड बोलली नाही, आणि खरं कळलं तेव्हा त्याच्या ऑफिसातल्या शिपायासमोर ओशाळून परत आली होती. तरी तिला कारण कळलं नव्हतं. टापटीप आहे माणूस, एवढंच ती स्वतःशी म्हणाली. पुन्हा मूल झालं नाही. डॉक्टर म्हणायचे, दोघांत दोष काही नाही. इतकी वर्षं तो आंघोळ करून घरी येत राहिला, आणि शनिवारी संध्याकाळी त्या शर्टाचा वास पेल्यात ओतून, तिच्यापासून दहा पावलांवर बसत राहिला. ती आत शेंगदाणे परतत होती.

ती परत आली तेव्हा अनिरुद्ध दाराकडेच बघत होता. तिच्या तोंडावरून त्याला कळलं असावं, कारण त्याची मूठ सुटली आणि हात खुर्चीच्या बाहेर लोंबकळला. "रणजितनं सांगितलं," ती म्हणाली. त्यानं मान वळवली. रागानं की लाजेनं, कळत नव्हतं. ती स्टुलावर बसली, पेला उचलला आणि पुन्हा वास घेतला. या वेळी ती त्या राखेपाशी थांबली नाही. आत गेली. त्या गोदामाच्या पलीकडे, ओल्या कापसाच्या पलीकडे, खूप खाली, धुराला एक ऊब होती. तिखटसर, गोडसर. आधी तिनं त्याला काय काय नावं दिली होती, गूळ, सातू. ते तसलं काही नव्हतं. तिला तो वास ओळखीचा होता, आणि तो घशात का वर येत होता हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

"बाळंतिणीची खोली," ती म्हणाली.

अनिरुद्धनं मान परत वळवली.

"शेगडीवर ओवा टाकल्यावर येतो ना, तसा वास आहे हा. आईनं एकदा करून दाखवला होता. तुम्ही ऑफिसात होता." तिनं आणखी एक घोट घेतला, मोठा, आणि तो पोळत खाली जाऊ दिला. "तुमचाही बरोबर आहे. शर्टाचा. दोन्ही आहेत त्यात." बाहेर ऊन गेलं होतं, दिवा लावायला हवा होता, पण उठवेना. तिला जाणवलं की त्याला सांगायला आपल्याजवळ काहीतरी आहे, आणि ते या जगात आता फक्त आपल्याचजवळ आहे. आई गेली, वडील गेले, मामा गेले, दवाखान्यातली ती सिस्टरही तेव्हाच म्हातारी होती. आपण गेलो की ते कुणालाच ठाऊक नसेल. आणि ज्याचं ते होतं तो समोर बसला होता, कान उघडे होते, आणि या खेपेला तो मधेच उठून जाऊ शकत नव्हता.

"केस होते," जया म्हणाली. "भरपूर. ओले होते, कपाळाला चिकटलेले. सिस्टरनं पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दाखवली. मी हातात घेतली नाही. भीती वाटली. पाय तेवढा फडक्याबाहेर होता, त्याला बोट लावलं. कोमट होता अजून." तिचा आवाज तिला परका वाटत होता, कुणीतरी जुनी, ओळखीची बाई शेजारी बसून सांगत असल्यासारखा. "रंग जरा निळसर झाला होता, पण मुळात गोरी नव्हती. तुमच्यावर गेली होती. वरचा ओठ पुढे, चोचीसारखा, तुमच्या आईंचा होता तसा. उजवा कान दुमडलेला होता. मला वाटलं, तेल लावून लावून सरळ करता येईल. म्हणजे बघा, तेव्हाही मला असं वाटलं. नखं वाढली होती. बोटं लांब होती, पेटी वाजवणाऱ्याची असतात तशी." ती थांबली. आणखी काय होतं? ती आठवत राहिली, तोंडातला धूर जिभेनं हळूहळू फिरवत, आणि एकेक वर येत गेलं, हनुवटीवरची खळी, गळ्याशी पडलेल्या वळ्या, कपाळावर असा काही आठी पडल्यासारखा भाव की जणू तिलाही काहीतरी पसंत नव्हतं. हे ऐकून अनिरुद्धच्या डाव्या गालावर काहीतरी हललं. हसू होतं. ते तिथंच थांबलं आणि मग सगळा चेहरा मोडला. तो रडत होता, आवाज न करता, ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि तो ती पुसत नव्हता. तिनं पदरानं पुसली. तिच्या श्वासाला आता तोच वास येत होता, तिला स्वतःलाही येत होता. ती मागे सरू लागली तसा त्यानं डाव्या हातानं तिच्या मानेमागून धरून तिला जवळ ओढलं, झटका आल्यापासून एवढा जोर त्यानं कधी लावला नव्हता, आणि तिच्या गालाशी नाक टेकवून तो श्वास घेत राहिला. रात्रीच्या पेजेची वेळ झाली होती. कुकरची शिट्टी शेजारच्या घरातून आली. दोघं तशीच होती.

बऱ्याच वेळानं त्यानं तिला सोडलं. हात वर नेला आणि एकेक बोट स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवत विचारू लागला. नाक? "नाक लहान होतं, कळत नव्हतं अजून." भुवया? "होत्या. पुसट." मग त्यानं दोन बोटं हलकेच स्वतःच्या पापण्यांवर ठेवली आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबला.



"डोळे मिटलेले होते," ती म्हणाली. "ते मीसुद्धा नाही पाहिले."